संशयाची हद्द

बँकेच्या मेनफ्रेमवर पगाराची फाइल कोणी उघडायची हे ठरवणारा मजकूर जेमतेम चार-पाच ओळींचा असतो. रॅकफ हे आयबीएमचं सुरक्षा सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात त्या फाइलच्या नावाचं एक प्रोफाइल असतं, प्रोफाइलला कोणी मालक असतो, आणि परवानगी मिळालेल्या गटांची नि माणसांची यादी असते: कोणाला नुसतं वाचता येईल, कोणाला बदलताही येईल. यादीखेरीज आणखी एक रकाना असतो. ज्याचं नाव यादीत नाही, त्याचं काय करायचं? तिथे बहुधा एकच शब्द असतो, 'नन' (काहीच नाही) किंवा 'रीड' (नुसतं वाचता येईल). कामाच्या धबडग्यात सगळ्यांचं लक्ष यादीवर. नवा माणूस रुजू झाला की नाव घाला, बदली झाली की काढा. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टीम परदेशी बँकांसाठी रात्रपाळी करून हेच सांभाळत असतात. पण या मजकुरातला सगळ्यात वजनदार शब्द त्या एका रकान्यातला आहे. यादी ओळखीच्यांविषयी बोलते. रकाना मात्र ज्यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्यांच्याविषयी बोलतो. अजून तपासून न पाहिलेल्या माणसाशी किंवा दाव्याशी मुळात कसं वागावं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि आपल्या दर्शनकारांनी तो शतकानुशतकं भांडून घासला आहे. त्या भांडणाचा या रकान्याशी संबंध लावणं ओढूनताणून केल्यासारखं वाटेल. मला तो संबंध खरा वाटतो, आणि तो लावल्यावर सुरक्षेबद्दलचा एक रुळलेला समज टिकत नाही: कडक सुरक्षा म्हणजे विश्वासाचा अभाव, हा तो समज.

आधी रकान्याचा इतिहास. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. एका यंत्रावर अनेकांची कामं चालणार हे तेव्हाच दिसत होतं. कोणी कोणाची फाइल पाहावी याची काळजी मागाहून आली. आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्यांच्या 'शेअर' या संघटनेत १९७२ साली बॅरी श्रेगर यांच्या पुढाकाराने सुरक्षेचा एक प्रकल्प उभा राहिला. त्याची एक मागणी अशी होती की कोणी मुद्दाम काही केलं नाही तरी माहिती मुळातच बंद असावी. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी माहितीच्या संरक्षणावरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात हेच तत्त्व म्हणून मांडलं, आणि ते आपलं नसून ग्लेझर यांनी १९६५ मध्ये सुचवलेलं आहे अशी प्रामाणिक नोंदही केली. पुढच्याच वर्षी रॅकफ आलं. त्यात ज्या फाइलसाठी प्रोफाइल लिहिलं ती राखलेली, बाकीच्या मोकळ्या. श्रेगर यांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केलेलं एसीएफटू १९७८ मध्ये बाजारात आलं, आणि त्याचा पवित्रा उलटा होता: नियम नाही तर प्रवेश नाही. रॅकफमध्येही नंतर 'प्रोटेक्टऑल' नावाचा पर्याय आला. तो लावला की प्रोफाइल नसलेली फाइलही बंद होते. पण तो पर्याय आहे, कोणीतरी आठवणीने लावावा लागतो. यंत्र तेच, काम तेच. काही न लिहिण्याचा अर्थ काय धरायचा, एवढ्यावर दोन सॉफ्टवेअरचा मतभेद.

मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांचे अनुयायी, म्हणजे मीमांसक आणि नैयायिक, यांच्यातला ज्ञानाच्या खरेपणाचा वाद, प्रामाण्यवाद, याच मुद्द्यावर उभा आहे. समोर पाणी दिसलं. ते दिसणं खरं आहे, हे कशावरून? मीमांसक कुमारिल भट्टांचं उत्तर असं की ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते झालं की त्यावर विसंबावं. खोटं ठरवायचं तर कारण द्यावं लागेल, आणि अशी कारणं दोनच: पुढच्या एखाद्या ज्ञानाने ते बाधित झालं, किंवा ज्या साधनाने ते मिळालं त्या साधनातच दोष सापडला. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञान झालं म्हणून ते खरं होत नाही. खरेपणाची पावती बाहेरून यावी लागते. न्यायभाष्यकार वात्स्यायनांपासून त्यांची कसोटी कृतीच्या यशाची आहे. पाण्याकडे चालत गेलात आणि तहान भागली, तर पाहिलेलं खरं होतं. आता १९७६ चं रॅकफ कुमारिलांच्या पंगतीला आणि एसीएफटू नैयायिकांच्या, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह पडतो. तो थोडा आवरायला हवा. कुमारिलांना वेदांचं अपौरुषेयत्व राखायचं होतं, पगाराची फाइल नव्हे. आणि एखादं ज्ञान खरं मानणं व एखाद्या माणसाला आत घेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तरीही दोन्हीकडे प्रश्नाचा सांगाडा एक आहे: कारण कोणी द्यायचं, विश्वास ठेवणाऱ्याने की संशय घेणाऱ्याने?

कुमारिलांची बाजू कमकुवत नाही. रोजचं जगणं त्यांच्याच रीतीने चालतं. वाणी वजन करतो, डॉक्टर गोळी लिहून देतो, रस्ता विचारला तर अनोळखी माणूस डावीकडे वळायला सांगतो, आणि आपण वळतो. प्रत्येक वेळी आधी पुरावा मागणाऱ्याचा दिवस दुपारपर्यंतही सरकायचा नाही. पण या भाबड्या वाटणाऱ्या विश्वासाला एक आधार आहे, आणि कुमारिलांनी तो स्वतःच सांगितला आहे: चूक असेल तर ती पुढे उघडी पडते. दोरीचा साप जवळ गेल्यावर साप राहत नाही, शिंपल्यातली चांदी हातात घेतली की विरते. बाधक ज्ञान येण्याची वाट खुली आहे म्हणून आरंभीचा विश्वास आंधळा ठरत नाही. पगाराच्या फाइलची गोष्ट इथेच वेगळी होते. कोणी ती वाचून नेली तर मूळ फाइल जशीच्या तशी राहते. एक अक्षर हललेलं नसतं, दुसऱ्या दिवशी पगार वेळेवर होतात, कोणाची तक्रार येत नाही. चुकीचा विश्वास उघडा पाडणारा अनुभव येतच नाही, किंवा वर्षभराने दुसऱ्याच देशातून येतो. त्यामुळे 'आधी आत घ्या, चूक निघाली तर बघू' हे धोरण कुमारिलांच्याच अटीवर इथे बसत नाही. ज्या व्यवहारात बाधक दिसू शकत नाही, तिथे नैयायिकांसारखं आधी कारण मागणं भाग आहे. रकान्यात 'नन' लिहिण्याचं समर्थन माणसं वाईट असतात या गृहीतकावर अवलंबून नाही. चुकीचा सुगावा लागत नाही, एवढंच त्याला पुरतं.

पण नैयायिकांची वाट धरली की त्यांच्यावरचा जुना आक्षेपही मानगुटीवर बसतो. पहिल्या ज्ञानाची पावती दुसऱ्याकडून, दुसऱ्याची तिसऱ्याकडून, मग हे थांबणार कुठे? याला अनवस्था म्हणतात, आणि मेनफ्रेमवर ती पावलागणिक भेटते. रॅकफ सगळ्या फाइलींची राखण करतं. पण काही प्रोग्रॅम रॅकफच्या वरचे असतात: ज्या लायब्ररी 'एपीएफ' यादीत आहेत तिथले अधिकृत प्रोग्रॅम यंत्राच्या सर्वोच्च पातळीवर जाऊ शकतात, आणि तिथे पोचलेला प्रोग्रॅम ठरवलं तर रॅकफला विचारतसुद्धा नाही. ही यादी कुठे लिहिलेली? 'सिस१.पार्मलिब' या लायब्ररीतल्या एका साध्या मजकुरात, जो कोणत्याही एडिटरमध्ये उघडतो. मग पार्मलिबमध्ये कोणी लिहायचं हे कोण ठरवतं? रॅकफ. म्हणजे राखणदाराला ओलांडण्याचा परवाना ज्या कागदावर आहे, त्या कागदाची राखण त्याच राखणदाराकडे. नैयायिकांनी तर्कदोषांच्या यादीत याला अन्योन्याश्रय म्हटलं असतं. त्यातून सुटायचं तर एक पायरी खाली उतरावं लागतं. यंत्र सुरू होताना, म्हणजे आयपीएलच्या वेळी, कोणत्या डिस्कवरून काय उचलायचं हे हार्डवेअरच्या वेगळ्या कन्सोलवर ठरतं. त्या कन्सोलपाशी बसलेला माणूस वेगळीच सिस्टिम उठवू शकतो. त्याच्याखाली यंत्राचा मायक्रोकोड, त्याच्याखाली तो बनवणारा कारखाना. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की कंपायलरमध्येच खोट असेल तर प्रोग्रॅमची ओळन् ओळ वाचूनही ती सापडणार नाही.

आपल्या परंपरेतली मोठी माणसं या अनवस्थेच्या खड्ड्याशी कशी वागली ते पाहण्यासारखं आहे. श्लोकवार्तिकात कुमारिल म्हणतात की शंका आली तर तपासा, पण तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज उरत नाही. वरवर हा हिशेबीपणा वाटतो. वर मोजलेल्या पायऱ्याही साधारण तितक्याच भरतात, तो योगायोगच. उदयनाचार्य तर पक्के नैयायिक, बाहेरून प्रामाण्य मागणाऱ्यांच्या बाजूचे. न्यायकुसुमांजलीत त्यांनी शंकेला सीमा घातली ती व्याघाताची: जिथे तुमची शंका तुमच्याच वागण्याशी विसंगत होते, तिथे ती संपली. धुरासाठी विस्तव पेटवणाऱ्याने विस्तवापासून धूर होतो की नाही अशी शंका काढू नये. म्हणजे विश्वासाने सुरुवात करणारा आणि संशयाने सुरुवात करणारा, दोघेही कुठेतरी थांबतात. विश्वास शून्यावर आणता येत नाही. तो कुठल्या पायरीवर ठेवायचा एवढंच आपल्या हातात आहे. असं असेल तर 'आमच्याकडे कशावरही विश्वास नाही, सगळं तपासतो' ही सुरक्षेच्या धंद्यातली आवडती फुशारकी तत्त्वतः खोटी ठरते. असं म्हणणाऱ्याने आपला विश्वास कुठे ठेवला आहे ते लिहिलेलं नसतं, इतकंच. आणि कॉन्फिगरेशनची नैतिक बाजू मला नेमकी इथे दिसते. नियम कडक आहेत की सैल हा दुय्यम प्रश्न. विश्वास जिथे टेकवला आहे ती जागा छोटी आहे का, लिहिलेली आहे का, आणि तिथे कोणाचं नाव आहे, हे आधी विचारायला हवं.

न लिहिलेल्या विश्वासाचा नमुना म्हणून 'वॉर्निंग' ही सोय पाहावी. एखादं प्रोफाइल वॉर्निंगवर ठेवलं तर ज्याला परवानगी नाही तो आत जातोच, फक्त एक संदेश छापला जातो. संदेश बारकाईने वाचला तर त्यात युजर आयडी, गट, फाइलचं नाव, मागणी काय होती आणि परवानगी किती होती, सगळं शेजारी शेजारी असतं: मागणी बदलण्याची, परवानगी काहीच नाही. आणि तरी फाइल बदलली गेलेली असते. सोय हेतूने चांगली आहे. नवा नियम लावण्याआधी कोणाकोणाचं काम अडेल ते कळावं म्हणून ती दिली. एसीएफटू आणि टॉप सिक्रेट या आणखी एका सुरक्षा सॉफ्टवेअरमध्येही अशी इशाऱ्यापुरती पायरी आहे. ती चार आठवड्यांसाठी लावायची असते. पण ती काढली आणि काही बंद पडलं तर जाब द्यावा लागतो, आणि ठेवली तर कोणी विचारत नाही; म्हणून राहून जाते. कागदावर नियम आहे, प्रत्यक्षात नाही, आणि दोहोंमधलं अंतर कोणाच्याही नावावर नाही. सरळ 'रीड' लिहिलेला रकाना याहून बरा म्हणायचा. त्याने निदान आपण दार उघडं ठेवलं आहे हे कबूल केलेलं असतं.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक आक्षेप उठल्याशिवाय राहणार नाही, आणि तो सगळ्यात जड आहे. 'मुळात बंद, कारण असेल तर उघडू' हे धोरण आपण पाहिलेलं आहे. याच धोरणाने देवळं आणि पाणवठे बंद होते. ज्या मीमांसेचा आधार मी वर घेतला, तिच्याच सूत्रांच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला याची चर्चा आहे आणि शूद्राला तो नाकारलेला आहे. बादरी या आचार्यांचं मत सर्वांना अधिकार असावा असं होतं. सूत्रकारांनी ते नोंदवलं आणि बाजूला सारलं. मग अधिकार नाकारण्यालाच आरंभबिंदू मानणाऱ्या विचाराचं कौतुक कसं करायचं? उत्तराचा पहिला भाग असा की 'नन' हा शब्द फाइलच्या प्रोफाइलवर लिहिलेला असतो, माणसाच्या कपाळावर नसतो. तो बँकेच्या अध्यक्षालाही लागू, कारकुनालाही. आणि काम बदललं की उत्तर बदलतं. जन्मावरून ठरलेल्या नकाराला ही दोन्ही लक्षणं नसतात. पण एवढ्याने भागत नाही, कारण नियम कागदावर निःपक्षपाती असूनही व्यवहार वेगळा असू शकतो. महाडचा दाखला घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तो आपल्या तळ्याला लागूही केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. लेखी परवानगी होती. तिच्यावर कुरघोडी करणारी मनाई कुठेच लिहिलेली नव्हती, तिला मालक नव्हता, तिच्याविरुद्ध दाद मागायला खिडकी नव्हती. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, त्याला आणखी कडक करतो: नकार द्यायचा तर तो लिहून, कोणाच्या तरी नावावर, कारणासकट, आणि उलट विचारता येईल असा. त्या कसोटीला आजच्या किती संस्थांच्या ॲक्सेस याद्या उतरतील, याबद्दल मी फार आशावादी नाही. 'तुम्हाला ॲक्सेस नाही' एवढंच सांगून तोंडावर बंद होणारी दारं खूप आहेत.

दुसरा आक्षेप नियमांनाच उद्देशून आहे: आधी लिहून ठेवलेला मजकूर पुढे येणारी प्रत्येक अडचण कशी ओळखणार? ओळखत नाही, आणि मेनफ्रेम बनवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. रॅकफचा डेटाबेस मिळेनासा झाला तर यंत्र 'फेलसॉफ्ट' अवस्थेत जातं. तेव्हा नियम वाचता येत नाहीत म्हणून यंत्र कन्सोलवरच्या ऑपरेटरला एकेका फाइलसाठी विचारतं: द्यायची परवानगी की नाही? सगळ्या नियमांमागे शेवटी माणसाचा विवेक असतो, याचं याहून उघड उदाहरण सापडणं कठीण. पण तो ऑपरेटर काय करतो? प्रश्नांचा पाऊस पडत असतो, बँकेचं काम अडलेलं असतं, समोर नुसतं फाइलचं नाव आणि मागणाऱ्याचा आयडी. तो 'हो' म्हणत सुटतो. विवेकाला विचार करायला सवड लागते, आणि ती सवड आधी लिहिलेले नियमच मिळवून देतात. म्हणून शहाण्या ठिकाणी आणीबाणीसाठी 'फायरकॉल' आयडी वेगळा ठेवतात: तो कोणी काढायचा, किती तासांत परत करायचा, आणि त्याने काय केलं हे दुसऱ्या दिवशी कोणी वाचायचं, हे सगळं आग लागण्याआधी ठरलेलं असतं. अपवादाची सोय नियमातच करून ठेवण्याची ही रीत मीमांसकांना परकी वाटली नसती. सामान्य विधीवर विशेष विधीचा अंमल कसा चालतो हे तर त्यांच्या रोजच्या कामाचं होतं. रॅकफमध्येही 'ऑपरेशन्स' हा सरसकट अधिकार असलेल्या माणसाला एखाद्या फाइलच्या यादीत नाव घालून 'नन' दिलं, की त्याची सत्ता त्या फाइलपुरती संपते.

उरतो सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो कितीही चांगल्या कॉन्फिगरेशनच्या हाताबाहेरचा आहे. नियम माणसाला ओळखत नाही, युजर आयडीला ओळखतो. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या घुसखोरींनी हा प्रश्न न्यायालयात नेला. स्वीडनमध्ये लोगिका या कंपनीच्या मेनफ्रेममध्ये शिरल्याचा आणि नॉर्डिया बँकेच्या मेनफ्रेमवरून पैसे वळवू पाहिल्याचा आरोप पायरेट बे या संकेतस्थळाचे एक संस्थापक गॉटफ्रिड स्वार्थोल्म यांच्यावर होता. आपला संगणक दुसऱ्याच कोणीतरी दुरून चालवत होतं, असा त्यांचा बचाव. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने लोगिकाच्या बाबतीत त्यांना दोषी धरलं, पण नॉर्डियाच्या आरोपातून सोडलं, कारण ती शक्यता नाकारता येत नव्हती. डेन्मार्कमध्ये सीएससी कंपनीच्या मेनफ्रेमवरून पोलिसांच्या ताब्यातली माहिती चोरल्याचा खटला त्यांच्यावर चालला तेव्हा बचाव तोच होता. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो स्वीकारला नाही आणि साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. यंत्रं एकाच जातीची, आरोपी एक, युक्तिवाद एक, आणि शंका कुठे थांबवायची याची रेघ दोन न्यायालयांनी दोन ठिकाणी ओढली. मेनफ्रेमची चौकशी मात्र दोन्ही देशांत युजर आयडीपाशीच थांबली होती. त्यापुढे कोणाचा हात होता हे ठरवायला माणसांनाच बसावं लागलं.